पाच मतांची बोट

आमच्या हेड ड्राफ्ट्समनना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो. त्यांनाही लोक विचारायचे, आणि त्यांचं उत्तर तयार असायचं. "ज्याला पोहता येतं त्याला बोट कशाला लागते?"

वागळे इस्टेटमधल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी चौऱ्याऐंशी साली ट्रेसर म्हणून, म्हणजे ड्रॉइंगच्या प्रती काढायला, लागले. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही दोघी मुली आणि बाकी सगळे पुरुष. त्यांच्यात हे कोपऱ्यातल्या सर्वांत मोठ्या बोर्डाशी उभे. खुर्ची होती, पण बसलेलं मी त्यांना फक्त डबा खाताना पाहिलं. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. गेटवरचा वॉचमनसुद्धा त्यांना इतरांपेक्षा जरा कडक सलाम ठोकायचा. थट्टेने ठेवलेलं नाव त्यांनी इतकं मनापासून घेतलं होतं, की थट्टा करणाऱ्यांचीच पंचाईत व्हायची. माणूस साताऱ्याकडच्या कोरड्या गावातला, जिथे पाणी बघायचं तर विहिरीत वाकून. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या इंटरव्ह्यूला आलेले तेव्हा, आणि तेव्हाही ओहोटी होती.

मी लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून एक चित्र ट्रेस करायला दिलं. मला वाटलं पंपाचा नवा भाग असेल. दोन लांबट सांगाडे शेजारी शेजारी, आणि त्यांना जोडणारं वर काहीतरी. मी विचारलं, सर, हा पंप कशाचा? म्हणाले, हे घर आहे.

मग डब्याच्या सुट्टीत त्यांनी ते घर मला समजावलं. दोन चमचे टेबलावर समांतर ठेवले आणि त्यांच्यावर माझ्या पोळ्यांच्या डब्याचं झाकण. चमचे म्हणजे दोन अरुंद होड्या, झाकण म्हणजे मधला ओटा आणि त्यावरचं घर. कॅटामरान म्हणतात हिला, शब्द मूळचा मद्रासकडचाच, गोऱ्यांनी नेला आणि आता आपल्यालाच विकतात. ते स्वतः तिला जोडबोट म्हणायचे. एका पोटाची बोट वाऱ्यात कलंडून चालते. कलंडलेल्या घरात आमटी कशी वाढणार? जोडबोट कलंडत नाही. झाला की निकाल. जगातल्या सगळ्या बोटींची त्यांनी या एका आमटीवर परीक्षा घेतली होती आणि एका पोटाच्या सगळ्या नापास केल्या होत्या. प्रश्न उरला होता तो जोडबोटींपैकी नेमकी कोणती घ्यायची एवढाच. तो मी लागले तेव्हा नुकता सुरू झाला होता, आणि पुढे सहा वर्षं चालला.

घरात माणसं पाच. ते, त्यांची आई म्हणजे आजी, त्यांची बायको म्हणजे काकू आणि दोन मुली. पाचही जणांनी कायमचं बोटीवर राहायला जायचं असा बेत होता. आणि नियम असा, की पाचच्या पाच मतं पडल्याशिवाय बोट घ्यायची नाही. चार चालणार नाहीत. एक माणूस नाराजीने चढला तर बोट एका बाजूला बुडते, जोडबोटसुद्धा, असं ते म्हणायचे. मी एकदा म्हटलं, घरात असं मतदान घेतलं तर रोजची भाजीसुद्धा ठरायची नाही. ते म्हणाले, भाजी चुकली तर संध्याकाळी दुसरी होते.

हे खूळ आलं कुठून, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. तेव्हा ते डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला राहत होते, भाड्याने. भाड्याचा कागद अकरा महिन्यांचा. मालकाला धास्ती, की भाडेकरू बाराव्या महिन्यात राहिला तर कायमचाच राहील. त्यामुळे कागद संपला की मालकाचा भाचा तरी गावाहून यायचा, नाहीतर मुलाचं लग्न तरी ठरायचं. काही मालक कागद पुन्हा करून देत, नाही असं नाही. पण कॅप्टन राहायला गेले की पहिल्याच आठवड्यात भिंती ओळंब्यात नाहीत, तिरक्या आहेत, हे मालकाला टेप लावून सिद्ध करून दाखवायचे. असा भाडेकरू कोण ठेवील? तेरा वर्षांत नऊ घरं झाली होती. आठव्याहून नवव्या घरी जातानाचं सामान हलवायला मी होते. हातगाडीच्या पुढे ते कपाटाची मापं पाठ म्हणत चालले होते, आणि मागे काकू लोणच्याच्या बरण्या पोटाशी धरून. त्या दिवशी त्यांनी मला त्यांचं तत्त्वज्ञान सांगितलं. घर हलतंच आहे, मग हलण्यासाठीच बांधलेलं घर का घेऊ नये? त्याला मालक नाही, भाचा नाही, कागद नाही.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी टेप असायची. लग्नाला गेले तर स्टेज मापायचे, दवाखान्यात गेले तर बाक. माझ्या साखरपुड्याला आले आणि पाहुण्यांना सोडून आमच्या स्वयंपाकघरात शिरले. आईला म्हणाले, तुमचा ओटा दोन इंच खाली आहे, तुमची कंबर दुखत असणार. बाबांचा पारा चढला. परका माणूस आमच्या ओट्याला नावं ठेवतो म्हणजे काय? पण आईने महिन्याभरात ओटा उंच करून घेतला, आणि वर्षानुवर्षांची कंबरदुखी थांबली. तेव्हापासून आमच्याकडे कॅप्टनविषयी कुणी वाकडा शब्द काढायचा नाही.

बोटी त्यांना मिळायच्या रद्दीत. ठाण्याच्या एका रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकं यायची, त्यातली पानं कापून त्यांनी जाडजूड फाइल केली होती. प्रत्येक बोटीखाली लाल पेन्सिलीने नापसंतीचं कारण. "मोरी स्वयंपाकघराला लागून. आई." "बरण्यांना फळी नाही." "झोपायची जागा तिरकी. थोरली लाथा मारते." ज्या कारागिरांनी हयातभर बोटी बांधल्या, त्यांना आपल्या बोटी कोपरच्या एका खोलीत बसून नापास होतायत याची काय कल्पना? एका परदेशी कारखान्याला तर त्यांनी पत्र लिहिलं, की तुमच्या बोटीवर पाटा-वरवंटा कुठे ठेवायचा. तिकडून विचारणा आली, ही वस्तू काय असते? कॅप्टननी दोन दिवस खपून पाटा-वरवंट्याचं असं सुरेख ड्रॉइंग काढलं, की आमच्या कारखान्याच्या पंपांना कधी तसं नशीब लाभलं नाही. ट्रेस अर्थात मी केलं. दीड महिन्याने उत्तर आलं, वजन जास्त आहे, शक्य तितकं खाली आणि मधोमध ठेवावं. ते पत्र त्यांनी सगळ्या ऑफिसला उभं राहून वाचून दाखवलं. "बघा, पाट्याला जागा आहे म्हणतायत." मी हसले, पण त्यांच्या आनंदाचा मला हेवाही वाटला. आपल्याला कुठल्या गोष्टीचा एवढा आनंद होतो, हे मी घरी जाईपर्यंत आठवत बसले होते.

मतं एकेक करून पडत गेली. धाकटीने पहिल्याच दिवशी होकार दिला, बोटीवर शाळा येणार नाही या भरवशावर. थोरली कॉलेजात होती. तिला स्वतःचं दार हवं होतं, आतून कडी लागणारं. ते मिळणार म्हटल्यावर तीही कबूल झाली. अडलं ते आजींच्या देवांवर. आजींचं म्हणणं, देवांचं तोंड पूर्वेला हवं, आणि नांगरलेली बोट तर वारा फिरेल तशी फिरणार. सकाळी पूर्वेला असलेले देव दुपारी दक्षिणेला तोंड करून बसले तर पाप कुणाच्या माथी? चार दिवस कॅप्टनच्या बोर्डावर देव्हारेच होते. पाचव्या दिवशी त्यांनी टर्नरला गाठून एक जुनी बेअरिंग मिळवली, तिच्यावर देव्हारा बसवला आणि समोर होकायंत्र. बोट कुठेही वळो, एका बोटाने देव पुन्हा पूर्वेला. आजींनी नवव्या घरात तो देव्हारा आठवडाभर फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, चल, मी येते. मला वाटतं, बोटीचं त्यांना काही नव्हतं. मुलाने आपल्या देवांसाठी एवढं केलं, यावर त्यांनी मत दिलं.

राहिल्या काकू. काकू नाही म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या. विचारलं की "बघू" म्हणायच्या आणि कुकरची शिट्टी बसवायच्या. कॅप्टनना वाटायचं, अजून बरोबर बोट सापडलेली नाही. त्यामुळे दर नव्या बोटीत काकूंचा ओटा आणखी मोठा, फळ्या आणखी जास्त. एका मे महिन्यात त्यांनी इमारतीच्या गच्चीवर खडूने अख्खी बोट खऱ्या मापात काढली आणि काकूंना तिच्या स्वयंपाकघरात उभं केलं. काकू उभ्या राहिल्या, इकडेतिकडे बघितलं, म्हणाल्या चांगलं आहे, आणि शेजारणींनी डाव्या होडीत वाळत घातलेले पापड उलटायला लागल्या. कॅप्टननी वहीत लिहिलं, "चांगलं आहे." पण ते मत नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. थोरलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. ती सासरी गेली की पाचाचे चार झाले, आणि चौघांची बोट त्यांना नको होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पेन्सिलीला टोक करता करता. त्यानंतर मला त्यांची थट्टा करणं जरा जड जायला लागलं.

शेवटी त्यांनी ठरवलं, कागद पुरे, आता पाणी. खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांच्या ओळखीचे एक नाखवा होते, वयाने साठीचे, बोलायला कमी. कॅप्टननी त्यांच्या दोन होड्या शेजारी शेजारी घेऊन बांबूंनी जखडायला लावल्या, वर फळ्या टाकल्या. झाली जोडबोट. नव्वद सालच्या जानेवारीतला रविवार. पाच जण, नाखवा आणि साक्षीदार म्हणून मी. काकूंच्या हातात वातींचा स्टोव्ह आणि मांडीवर आमटीचं पातेलं, कारण परीक्षा आमटीचीच होती.

काठावर कॅप्टननी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. ओहोटी साडेअकराला संपते, आता बारा वाजलेत, म्हणजे भरती लागली, पाणी चढणार, चला. नाखवांनी पाण्याकडे बघितलं.

"सायेब, ह्यो टायम मुंबयचा हाय. आपले खाडीन पानी उशिरान येतं. आजून उतरतंय."

"छापून आलंय नाखवा," कॅप्टन म्हणाले.

जन्मभर ड्रॉइंगप्रमाणे काम करणाऱ्याला छापील गोष्ट खोटी कशी वाटणार? नाखवांनी जन्मभर खाडी पाहिली होती, पण त्यांनी वाद घातला नाही. "बरा. बसू मंग चिखलान," म्हणाले आणि वल्हं उचललं.

पंधरा मिनिटांत आम्ही बसलो चिखलात. आधी खालून सरसर आवाज आला, मग बोट थांबली, आणि बघता बघता दोन्ही बाजूंचं पाणी आपलं आपलं निघून गेलं. उरला काळाभोर चिखल आणि मधोमध आम्ही सात जण. उतरायची सोय नाही, माणूस कमरेपर्यंत रुततो. आजींनी विचारलं, आता पाणी कधी? नाखवा म्हणाले, "अष्टमी हाय आज्जी. भांगाचा पानी, जोर नाय त्याला, सावकास येल." आजींना अष्टमी माहीतच होती, उपास होता त्यांचा. दोघांचं तिथींवर असं जमलं, की पुढचे दोन तास ती दोघं अमावास्या-पुनवेच्या गप्पा मारत होती आणि छापील कात्रणाला कुणी विचारत नव्हतं.

मला वाटलं, कॅप्टन शरमले असतील. छे. ते वाकून वाकून दोन्ही होड्यांचे तळ बघत होते आणि त्यांचा चेहरा फुलला होता. एका पोटाची असती तर आत्ता आडवी झाली असती, म्हणाले, ही बघा कशी चौरंगासारखी बसलीय. काकूंनी स्टोव्ह पेटवला, आमटी तापवली, सगळ्यांना भात कालवून दिला आणि आजींना वेगळी साबुदाण्याची खिचडी. एक थेंब सांडला नाही. कॅप्टननी पातेल्याच्या काठाला टेप लावून पाहिली आणि काकूंकडे वळले. आता तरी पटलं ना, असं त्यांनी विचारलं.

काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "ही कलंडत नाही हे मला सहा वर्षांपूर्वीच पटलंय. मला पाण्याचीही भीती नाही. मी नऊ वेळा बरण्या फडक्यात गुंडाळल्या हो. मला अशा जागी राहायचंय, जी सकाळी उठल्यावर तिथेच असेल."

"म्हणून तर बोट," ते म्हणाले. "बरण्या परत गुंडाळायला नकोत म्हणून."

"ते कळतं मला. तुम्हाला वाटतं, घर आपल्याबरोबर हलावं. मला वाटतं, घराने एका जागी बसावं आणि आपण जावं-यावं." मग त्यांनी आजूबाजूच्या चिखलाकडे बघितलं. "आत्ता ही बसलीय ना, अशी मला आवडते तुमची बोट."

धाकटीला हसू फुटलं, मलाही. कॅप्टन हसले नाहीत. ते फळीवर बसले. सहा वर्षं त्यांनी ओट्याची उंची मोजली, फळ्या मोजल्या, आणि बाई थकलीय एवढंच मोजायचं राहून गेलं. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी फार माया वाटली. माणूस वाईट नव्हता, फक्त टेप जिथे पोचते तिथपर्यंतच बघत होता. पाणी आलं तेव्हा अडीच वाजून गेले होते.

तीन आठवड्यांनी ते ऑफिसात आले आणि म्हणाले, आंबिवलीला फ्लॅट घेतला. तळमजला, दोन खोल्या. गावची जमीन आणि बोटीसाठी साठवलेलं सगळं घातलं. मी पहिला प्रश्न विचारला तो भिंतींचा, ओळंब्यात आहेत का? ते म्हणाले, मापल्या नाहीत. तुझी काकू खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, इथे बरं वाटतंय. मग मी टेप काढलीच नाही, म्हणाले. हे ऐकून शेजारच्या बोर्डावरच्या माणसाने पेन्सिल खाली ठेवली.

नंतर बोटीचं नाव त्यांनी काढलं नाही. रद्दीवाल्याने मासिकं बाजूला ठेवलेली, ती त्यांनी घेतली नाहीत. आम्हीही कॅप्टन म्हणताना जरा अडखळायला लागलो. थोरलीचं लग्न ठरलं, मुलगा नाशिकचा. आणि लग्नाच्या आदल्या महिन्यात काकूंचा निरोप आला, रविवारी जेवायला ये. सण नव्हता, वाढदिवस नव्हता, तरी पुरणपोळी होती. मी विचारलं, आज काय? काकू म्हणाल्या, "आज बारावा महिना लागला."

सगळे जेवायला बसलो होतो. काकू कॅप्टनना तूप वाढता वाढता थांबल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, माझं एक मत द्यायचं राहिलंय.

"हो आहे माझं," त्या म्हणाल्या. "थोरली जायच्या आत सांगून टाकते, म्हणजे पाच होतील. जाऊ आपण बोटीवर राहायला. पण परत यायला हे घर राहू दे."

कॅप्टन ताटाकडे बघत बसले. घास हातात होता, तो काही तोंडात जाईना. थोरली रडायला लागली, तिला तशी रोजच रडायला कारणं होती तेव्हा. शेवटी आजी म्हणाल्या, अरे, ती काय म्हणतेय ते ऐकलंस का? तेव्हा ते उठले, उष्ट्या हातानेच, आणि माळ्यावरची फाइल काढून आणली. नापास न झालेल्या तीन बोटी तिच्यात शेवटी होत्या. त्या त्यांनी ताटांच्या मध्ये मांडल्या, या चित्रावरून त्या चित्राकडे बघितलं, आणि त्यांना काही केल्या एक उचलता येईना. काकूंनी पुरणाचा हात पदराला पुसला आणि मधल्या बोटीवर बोट ठेवलं. ही. हिच्या ओट्यासमोर खिडकी आहे. एवढं बोलून त्या कटाची आमटी आणायला आत गेल्या.

संध्याकाळी कॅप्टन मला आंबिवली स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत मी हिशोब करत होते, फ्लॅट घेऊन झाला, लग्न तोंडावर, आता हा माणूस बोट आणणार कुठून? पण कुठल्या तोंडाने विचारायचं, ते समजेना. त्यांनाच ते कळलं असावं. फाटकापाशी थांबून म्हणाले, "पाचच्या पाच पडली, पाहिलंस ना?" मी म्हटलं, पाहिलं.

"मग आता नाही घेतली तरी चालेल," कॅप्टन म्हणाले, आणि माझी गाडी सिग्नलला लागलीय म्हणून मला घाई करायला लागले.